लग्न झाल्यावर सोडणार ना? दीडशे वर्षांपूर्वीचा हिशोब आणि आपली छोटी ऑफिसं

1871 सालचा एक सरकारी रिपोर्ट आहे, इंग्लंडच्या पोस्ट खात्याचा. तारेच्या खाजगी कंपन्या सरकारने नुकत्याच ताब्यात घेतल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर तारा पाठवणाऱ्या मुलीही सरकारी नोकरीत आल्या होत्या. या मुली ठेवणं खात्याच्या फायद्याचं कसं आहे ते स्कडमोर नावाच्या अधिकाऱ्याने त्यात सरळ लिहून ठेवलंय. बोटं चपळ, कान तयार, एका जागी बसून काम करायला कुरकुर नाही. ज्या पगारात पुरुष खालच्या थरातला मिळतो त्याच पगारात बाई चांगल्या शिकलेल्या घरातली मिळते. पगारवाढीसाठी एकजूट करतील ही शक्यता कमी. आणि वर्षं वाढत जाऊन पगार वाढवायची वेळ येईल तोपर्यंत त्या लग्न करून आपणहून निघून जातील, म्हणजे खात्याची अडचण परस्पर सुटेल.

मला हे वाचून राग तर आलाच, पण त्याहून जास्त धक्का बसला तो हे सगळं इतकं ओळखीचं निघालं याचा. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, वेंगुर्ला, कुठल्याही बाजारपेठेत माडीवरची ऑफिसं बघा, पतसंस्था, सीएचं ऑफिस, इन्शुरन्सवाला, डॉक्टरांचं काउंटर, सेतू केंद्र, सगळीकडे कॉम्प्युटरसमोर मुलीच बसलेल्या आहेत. आणि मालकाला विचारलं की मुलीच का, तर उत्तर जवळजवळ शब्दशः तेच. मुली नीट काम करतात, उलट बोलत नाहीत, मुलगा असता तर एवढ्या पगारात राहिला नसता, आणि कायमची जबाबदारी नाही, लग्न झालं की जातात. माणसं वाईट नाहीत हो ही, बरेचसे तर स्वतःच्या मुलीला पुण्यात इंजिनिअरिंगला घालणारे आहेत. पण हिशोब तोच.

माझं म्हणणं असं आहे की ऑफिस नावाची जी गोष्ट आपण आज वापरतो ती बायकांच्या बाबतीत मुळातच या हिशोबावर उभी राहिलीय, आणि नुसते "मुलींनो शिका, पुढे जा" म्हणून तो मोडत नाही, कारण मुली शिकल्यात, पुढे पण आल्यात, पैसा कुणी द्यायचा हा प्रश्न मात्र तिथंच राहिलाय.

आधी जरा त्या जुन्या ऑफिसांबद्दल. टाइपरायटर बाजारात आला 1870 च्या दशकात. अमेरिकेत त्याआधी कारकुनी म्हणजे पुरुषांचं काम, कारकून म्हणून लागायचं, धंदा शिकायचा आणि पुढे मॅनेजर किंवा भागीदार व्हायचं अशी ती वाट होती. टायपिंग नवीन काम, त्यावर कुणा पुरुषाचा हक्क नव्हता, त्यामुळे मुलींना तिथं शिरता आलं, 1881 मध्ये न्यूयॉर्कच्या वायडब्ल्यूसीए या ख्रिश्चन महिला संस्थेने मुलींसाठी टायपिंगचा वर्ग काढला, आणि 1930 येईपर्यंत तिथल्या टायपिस्ट-स्टेनोंमध्ये पुरुष शोधून काढावा लागावा अशी स्थिती झाली. पण मुली टायपिंगला आल्या आणि त्याच वेळी टायपिंगपासून वर जाणारा जिना काढून घेतला गेला. वीस वर्षं टाइप करणारी बाई वीस वर्षांनी पण टायपिस्टच. टेलिफोनचं तसंच. सुरुवातीला एक्स्चेंजवर तार खात्यातली पोरं होती, ती गिऱ्हाइकांशी उद्धट बोलायची म्हणून 1878 मध्ये बोस्टनला एमा नट ही पहिली बाई ऑपरेटर ठेवली, आणि मग सगळीकडे मुलीच. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, पाठीमागे सुपरवायझर फिरतेय, हलायचं नाही, शेजारणीशी बोलायचं नाही, ठरवून दिलेल्या वाक्यांशिवाय गिऱ्हाइकाशी बोलायचं नाही.

इंग्लंडच्या ऑफिसांत तर बायकांना वेगळा दरवाजा, वेगळी जेवणाची खोली. आणि लग्न केलं की नोकरी संपली, हा लेखी नियम. सिव्हिल सर्व्हिसमधला तो नियम 1946 ला गेला, परराष्ट्र खात्यातला 1973 पर्यंत टिकला. अमेरिकेत मंदीच्या काळात, 1932 मध्ये कायदाच केला की केंद्र सरकारच्या नोकरीत नवरा-बायको दोघं असतील तर कपात करताना आधी त्यांच्यातल्या एकाला काढायचं. कायद्यात बायको असं लिहिलं नव्हतं, पण पगार बायकोचाच कमी असायचा, त्यामुळे बहुतेक घरांत गेली तीच. त्या सगळ्यामागे एकच समजूत होती, बाईचा पगार म्हणजे वरखर्चाला, घर चालतं ते बाप्याच्या पगारावर.

स्कडमोरचा एक अंदाज मात्र साफ चुकला. बायका एकजूट करत नाहीत म्हणे! 1919 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या हजारो टेलिफोन ऑपरेटर मुली ज्युलिया ओकॉनर हिच्या पुढारीपणाखाली संपावर गेल्या, त्या भागातले बहुतेक फोन बंद पडले, आणि आठवड्याच्या आत पगारवाढ घेऊनच त्या कामावर परतल्या.

आता आपल्याकडे काय होतं? मुंबईच्या फोर्टमधल्या कंपन्यांत आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ज्या मुली दिसायच्या त्या बहुतकरून अँग्लो-इंडियन, पारशी, गोव्याकडच्या ख्रिश्चन. मराठी हिंदू घरातली बाई पगारी कामाला बाहेर पडली ती शाळामास्तरीण म्हणून, नर्स म्हणून, आणि त्यातही आधी कोण पडल्या ते बघा. देवरुखच्या जोशांच्या घरातल्या दोन बहिणी, दोघी विधवा. थोरली गोदूबाई, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली, 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि दापोलीजवळच्या मुरुडला गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. दुसरी पार्वतीबाई आठवले, शिकून कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमात शिकवायला लागली, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत फिरली, आणि पुढे थेट अमेरिकेला गेली, तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिली. देवरुखची एक विधवा बाई शंभरेक वर्षांपूर्वी एकटी अमेरिकेत! आपल्या पोरींना शाळेत हे कुणी का सांगत नाही कळत नाही. 1909 मध्ये रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथून नर्सा, शिक्षिका तयार झाल्या, त्यांतही विधवा, टाकलेल्या बायका भरपूर.

मला या सुधारकांबद्दल अतिशय आदर आहे, त्यांनी जे सोसलं त्याच्या शतांश पण आपण सोसत नाही. पण त्या सगळ्या खटपटीतून समाजाने जो अर्थ काढला तो असा की नोकरी ही ज्या बाईला आधार राहिला नाही तिची सोय आहे. विलायतेत ऑफिसातली बाई म्हणजे लग्न न झालेली, आपल्याकडे नोकरीवाली बाई म्हणजे नवरा गेलेली. दोन्हीकडे नवरा असलेल्या, पोरंबाळं असलेल्या बाईला खुर्ची नाहीच. आणि हा विचार किती खोल रुतलाय ते आजही दिसतं, नवरा वारला की अख्खं गाव तिला कुठंतरी चिकटवायला धावतं, सरपंच शब्द टाकतो, आणि तीच बाई नवरा जिवंत असताना नोकरी मागायला गेली तर "कशाला, घोव कमावता मां?"

आणि हे कोकणात चालतं याचं मला फार वाईट वाटतं, कारण "घर बाप्याच्या जिवावर चालतं" हे आपल्याकडे कधी पूर्ण खरं नव्हतंच. रत्नागिरी जिल्हा म्हणजे गिरण्यांना माणसं पुरवणारा जिल्हा. बाप्ये बोटीने मुंबईला, गिरणीत, गोदीत, आणि घरी बाई. मनीऑर्डर यायची हे खरं, पण ती दर महिन्याला यायची असं नाही, संप झाला की नाही, आजारपण आलं की नाही, आणि आली तरी तेवढ्यात वर्ष निघत नव्हतं. लावणी तिने केली, खोताशी मक्त्यावरून बोलणी तिने केली, सासूचं मरण तिने काढलं, उसनवारीचा हिशोब तिच्या डोक्यात. 2011 च्या जनगणनेत सुद्धा रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 बायका आहेत, सिंधुदुर्गात 1036. ज्या भूमीत कर्ता पुरुष वर्षातून गणपती-शिमग्याला दिसतो तिथं बाईचा पगार "वरखर्चाचा" कसा काय होतो हे मला कुणीतरी समजावून सांगावं. मुंबईला गेलेल्या आपल्याच बायका गिरण्यांत उभ्या राहून काम करत होत्या, इकडे काजूच्या कारखान्यात, मासळीच्या बाजारात अजून करतात, त्यांना कुणी विचारलं नाही लग्न झालंय का म्हणून. हा प्रश्न पंख्याखाली बसायची वेळ आली की निघतो.

मी स्वतः एका पतसंस्थेत काही वर्षं होते, नाव सांगत नाही, सांगायची गरज पण नाही, अशा दहा सापडतील. आमच्या ब्रँचला चार माणसं, एक मॅनेजर, एक पिग्मी गोळा करणारा, आणि काउंटरवर आम्ही दोघी. नवीन मुलगी घ्यायची होती तेव्हा चेअरमन मुलाखत घेत होते, मी फाईल द्यायला आत गेले होते. मुलगी बी.कॉम., टायपिंगच्या दोन्ही परीक्षा दिलेल्या, टॅली येत होतं. चेअरमननी तिच्या गावची, वडलांची चौकशी केली, प्रेमाने केली, आणि मग म्हणाले, "लगीन झाल्यार सोडतलंस मां?" ती गप्प. तिला कळेना हो म्हटलं तर नोकरी मिळणार की नाही म्हटलं तर मिळणार. खरं सांगायचं तर दोन्ही उत्तरं तिच्याच विरुद्ध जाणारी होती. सोडणार म्हणाली तर पगार कमी लावायला कारण मिळालं, सोडणार नाही म्हणाली तर पुढच्या बाळंतपणाची भीती. शेवटी ती हळूच म्हणाली, "बघूया नंतर." तिला घेतली. पगार मात्र आधीच्या मुलाला जेवढा होता त्यापेक्षा कमी लावला, आणि तो मुलगा बारावी पास होता.

याच ब्रँचला बायकांसाठी वेगळं टॉयलेट नव्हतं. इमारतीच्या मागे एक होतं, त्याची किल्ली खालच्या चहावाल्याकडे, आणि भर दुपारी चारचौघांसमोर जाऊन ती किल्ली मागायची म्हणून आम्ही दोघी सकाळपासून पाणीच कमी प्यायचो. माझ्याबरोबरच्या मुलीला त्यातून लघवीचं इन्फेक्शन झालं, एकदा बरं झालं, परत झालं. डॉक्टर म्हणाले पाणी प्या. इंग्लंडच्या ऑफिसातल्या वेगळ्या दरवाजावर आपण टीका करतो आणि करायलाच हवी, पण निदान बायका येणार आहेत हे धरून ती इमारत बांधली होती. आमची बांधताना आम्ही कुणाच्या डोक्यातच नव्हतो.

आता कायद्याचं. लग्न केलं म्हणून काढता येत नाही हे आपल्या कोर्टांनी परत परत सांगितलंय. मुंबईतल्या एका औषध कंपनीत मुलीने लग्न केलं की नोकरी संपली असा नियम होता, 1965 मध्ये युनियनने तो सुप्रीम कोर्टात नेऊन रद्द करून घेतला. 1979 मध्ये सी. बी. मुथम्मा यांच्या केसमध्ये परराष्ट्र सेवेतल्या असल्या नियमांवर कोर्टाने कडक ताशेरे ओढले, त्या सेवेत बाईला लग्न करायला सरकारची लेखी परवानगी लागायची. 1981 मध्ये एअर हॉस्टेसना पहिल्या गरोदरपणात काढायचा नियम गेला. आणि 2024 च्या फेब्रुवारीत लष्करातल्या एका नर्सला 1988 मध्ये लग्न केलं म्हणून काढलं होतं तिला 60 लाख रुपये द्यायला सुप्रीम कोर्टाने सांगितलं. निकाल मिळेपर्यंत मधली छत्तीस वर्षं गेली.

पण या सगळ्या केसेस बघा, मोठी खाती, मोठ्या कंपन्या, लेखी नियम. लेखी नियम असला की कोर्टात नेता येतो. आमच्या चेअरमनचा प्रश्न कुठल्या कोर्टात नेणार? तो नियम नाहीच, तो नुसता प्रश्न आहे, आणि मालवणीत प्रेमाने विचारलेला.

आणि जो कायदा आहे तो सगळ्यांना लागू नाही. मातृत्व लाभाचा कायदा 1961 चा, 2017 मध्ये पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे केली, छान झालं, टाळ्या वाजल्या. पण दुकानं, ऑफिसं यांना तो लागायचा ते दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दहाची अट तशीच ठेवलीय. आता मला सांगा, सीएच्या ऑफिसात सहा जण, डॉक्टरकडे तीन, सेतू केंद्रात दोन, ही आमच्याकडची ऑफिसं, यात दहाची अट लावली की मागे राहिलं काय? अशा बाईला मिळतात ते मातृ वंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे 5,000 रुपये, ते पण हप्त्याने. मुंबईच्या बँकेतल्या बाईला सहा महिन्यांचा पूर्ण पगार आणि कणकवलीच्या सीएकडच्या बाईला 5,000, काम दोघींचं कॉम्प्युटरवरचंच, पोटातलं बाळ पण तसंच.

यावर मालकांचं उत्तर येतं की बाई, आम्ही चार माणसांचं ऑफिस चालवतो, सहा महिने एकीला घरी बसवून पगार द्यायचा आणि तिच्या जागी दुसरीला पण द्यायचा, आणायचे कुठून? हे उत्तर मी हसण्यावारी नेत नाही. खरंच आहे ते. छोट्या धंद्यात त्या खर्चाने वर्षाचा नफा जाऊ शकतो. आणि म्हणूनच उद्या नुसती दहाची अट काढून टाकली आणि सगळा भार त्या एका मालकावर टाकला तर तो लग्न झालेली बाई ठेवणारच नाही, आज प्रश्न विचारतो, उद्या विचारणार पण नाही, अर्जच बाजूला ठेवेल.

गंमत नाही, पण हे कोडं शंभर वर्षांपूर्वी सोडवलेलं आहे आणि त्यात आपल्या कोकणातली दोन माणसं आहेत. 1919 मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली तिथं बाळंतपणाच्या रजेचा पहिला करार झाला, बारा आठवडे, आणि तो फक्त कारखान्यांसाठी नव्हता, व्यापारी पेढ्यांतल्या, म्हणजे ऑफिसातल्या बायकांसाठी पण होता. आणि पैसे कुणी द्यायचे, तर सरकारी निधीतून किंवा विम्यातून. त्या परिषदेला हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी होते ना. म. जोशी, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. 1924 मध्ये त्यांनी दिल्लीच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आणलं, ते मंजूर झालं नाही. मग 1928 मध्ये मुंबईच्या कौन्सिलात तसंच बिल आलं तेव्हा त्याच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्यांनी तिथं सांगितलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, त्यामुळे त्याचा भार मोठ्या प्रमाणावर सरकारने उचलायला हवा हे मला मान्य आहे, पण मालकालाही बाईच्या कामाचा फायदा होतो म्हणून त्यालाही सुटका नाही. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला, देशातला पहिला. पण तो कारखान्यांपुरता, आणि पैसे द्यायचे मालकाने. सरकारने भार उचलायचा हा भाग मागेच राहिला तो आजतागायत.

मला वाटतं आपण मागायचं ते हे. नुसती भाषणं नकोत, महिला दिनाला काउंटरवरच्या मुलींना गुलाबाचं फूल नको. दहाच्या खालच्या ऑफिसांतल्या बायकांसाठी बाळंतपणाचा पगार एका सामायिक निधीतून द्या. म्हणजे मालकाच्या खिशातून एकदम काही जात नाही आणि लग्न झालेली बाई ठेवण्यात त्याला भीती राहत नाही. यंत्रणा नवीन उभारायला नको, महाराष्ट्रात 1953 पासून कामगार कल्याण निधी आहे, दर जून आणि डिसेंबरात कामगार, मालक आणि सरकार तिघांची वर्गणी त्यात जाते. तीच पद्धत या छोट्या ऑफिसांपर्यंत खाली आणा, पुरुष कामाला असले तरी वर्गणी सारखीच, हे मात्र पक्कं असायला पाहिजे, नाहीतर बायका ठेवल्या की वर्गणी जास्त असा उलटा अर्थ निघेल.

शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक समितीचं बघा. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा जो 2013 चा कायदा आहे त्यात दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातल्या बाईने कलेक्टरने नेमलेल्या स्थानिक समितीकडे तक्रार करायची सोय आहे. माझ्याबरोबर काम केलेल्या एकीला पण हे माहीत नव्हतं, मला पण नोकरी सोडल्यावर कळलं. या समितीचा पत्ता आणि फोन प्रत्येक पतसंस्थेच्या, दवाखान्याच्या भिंतीवर व्याजदराच्या बोर्डाशेजारी लागायला काय अडचण आहे?

आणि निधीला पैसा कुठून येणार म्हणणाऱ्यांसाठी साधा हिशोब मांडते. समजा एका तालुक्यात अशी 500 छोटी ऑफिसं, दुकानं धरली आणि प्रत्येकाने महिन्याला 100 रुपये भरले, दोन चहा आणि एक प्लेट भजीचे पैसे, तर वर्षाला 6 लाख जमतात. काउंटरवरच्या मुलीचा पगार 9,000 धरा, सहा महिन्यांचे 54,000. म्हणजे नुसत्या वर्गणीतून अकरा बायकांची बाळंतपणाची रजा पूर्ण पगाराने निघते, आणि सरकारने आपला तेवढाच वाटा घातला तर बावीस जणींची.